हात पोचत नाही तिथे

हिंमतरावांनी गुडघे टेकले आणि वाकून पलंगाखाली पाहिलं. भिंतीलगतच्या कोपऱ्यात कुत्रा अंगाचं मुटकुळं करून बसला होता. मान पायांत, डोळे मात्र टक्क उघडे. दुधात भिजवलेला पोळीचा तुकडा त्यांनी फरशीवरून पुढे सरकवला.

“तांबू. चल, बाहेर ये.”

त्यांच्या मते आवाज अगदी साधा होता. पण एकतीस वर्षं मैदानावर मुलांच्या रांगा लावलेला तो आवाज पलंगाखाली घुमला. कुत्र्याने आणखी अंग चोरलं आणि त्याच्या पोटाखालून एक बारीक ओघळ निघून हिंमतरावांच्या गुडघ्याकडे येऊ लागला.

“वेणू, फडकं आण.”

वेणूबाई फडकं घेऊन आधीच दारात उभ्या होत्या. कुत्रा घरी आल्याला आज चौथा दिवस होता आणि त्यांना आता सांगावं लागत नव्हतं.

कुत्र्याची हौस वेणूबाईंचीच. गुडघ्यांमुळे त्यांचं जिना उतरणं कमी झालं, तसं सोसायटीच्या फाटकाशी बसणाऱ्या कुत्र्यांना पोळी घालणंही थांबलं. मग बेवारस कुत्र्यांच्या एका शेल्टरच्या लोकांनी धनकवडीत दत्तक शिबिर भरवलं तेव्हा त्या रिक्षाने तिथे गेल्या आणि हा तांबूस, एक कान दुमडलेला, तीनेक वर्षांचा कुत्रा त्यांनी निवडला. सगळ्या पिंजऱ्यांत हा एकटाच भुंकत नव्हता, म्हणून. हिंमतरावांनी अर्जावर सही केली आणि तिथल्या मुलीला म्हणाले, “भित्रा आहे म्हणता? आठ दिवसांत सरळ करतो.” सही केलेला अर्ज मुलीने जरा जास्तच वेळ हातात धरून ठेवला.

सरळ करणं हा त्यांचा हातखंडा होता. सदाशिव पेठेतल्या एका शाळेत ते पी.टी.चे सर. निवृत्तीला सहा वर्षं झाली तरी अजून रस्त्यात एखादा टक्कल पडलेला गृहस्थ स्कूटर थांबवून पाया पडायचा आणि मागे बसलेल्या बायकोला सांगायचा, “सरांच्या छड्या खाल्ल्या म्हणून माणसात आलो.” हिंमतराव घरी येऊन हे वेणूबाईंना सांगायचे. वेणूबाई “हो का” म्हणायच्या.

पाचव्या दिवशी सकाळी कुत्रा पहिल्यांदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला. ताटलीतला दहीभात तो भिंतीला अंग लावून खाऊ लागला. वेणूबाई ओट्याशी हलेनात की बोलेनात. आत हिंमतराव बाहेर जायची तयारी करत होते. दारामागच्या खुंटीवरून त्यांनी कमरेचा पट्टा ओढला आणि बक्कल लाकडावर आपटून वाजलं.

कुत्रा किंचाळला. बाल्कनीच्या बंद काचेवर जाऊन आदळला, पडला, उठून पुन्हा आदळला, आणि मग फरशीवर नखं घसरवत, हिंमतरावांच्याच पायांमधून, पलंगाखाली घुसला. दहीभात हॉलभर झाला. काचेवर रक्ताचा ओरखडा उमटला होता.

हिंमतराव पट्टा हातात घेऊन तसेच उभे राहिले.

वेणूबाईंनी फोन केला म्हणून दुपारी शेल्टरमधली ती मुलगी आली. भाग्यश्री तिचं नाव. हेल्मेट दाराबाहेरच ठेवून ती आत आली आणि कोणाशी काही न बोलता पलंगाजवळ फरशीवर सरळ आडवी झाली, पाठ कुत्र्याकडे करून. अर्ध्या तासाने कुत्र्याने पुढे येऊन तिचा हात हुंगला, तेव्हा कुठे तिने त्याच्या तुटलेल्या नखाला औषध लावलं.

“काका, कोणी हात उगारला का याच्यावर?”

“छे, छे. मी फक्त खुंटीवरचा पट्टा काढला. घालायला.”

“मग बरोबर आहे.” तिने कुत्र्याच्या पाठीवरचे केस बोटांनी हळूच बाजूला केले. “एका बंगल्यात बांधून ठेवलेला सापडला होता. हे बघा. बकलाची खूण आहे.”

हिंमतरावांनी वाकून पाहिलं. कातडीवर चौकोनी, गुळगुळीत डाग होता.

“काय एकेक माणसं असतात,” ते म्हणाले. “मुक्या जनावराला पट्ट्याने मारायचं. मला दाखवा तो माणूस, मी बोलतो त्याच्याशी.”

वेणूबाई खुर्चीत बसून मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

भाग्यश्रीने जाताना समजावून सांगितलं. हाक मारायची नाही. डोळ्यांत बघायचं नाही. तुम्ही उंच आहात, त्याला तुमच्यापुढे दुसरं काही दिसतच नाही, तेव्हा खाली बसायचं, पाठ करून. तो यायचा तेव्हा येईल.

“किती दिवस लागतील?”

“महिने म्हणा. पूर्ण भीती कदाचित कधीच जाणार नाही.” तिने सॅक खांद्याला लावली. “नाहीच जमलं तर परत आणा. पण दोनदा परत आलेल्या कुत्र्याला तिसरं घर मिळत नाही. याला एकदा परत केलेलं आहे.”

दार लागलं. वेणूबाईंनी मेथी चाळणीत घेतली आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

“तो कोपरा त्याने बरोबर शोधला,” त्या म्हणाल्या. “आपला आनंदही तिथेच जायचा. तिथे तुमचा हात पोचत नाही.”

“आनंदला काय झालं? चांगला इंजिनिअर झालाय.”

वेणूबाई आत निघून गेल्या. नळ सुरू झाला आणि बराच वेळ सुरू राहिला.

हिंमतराव पलंगाच्या कडेवर बसले. आनंद पाचवीत होता तेव्हाची एक संध्याकाळ त्यांना आठवली. न सांगता तो सायकलवरून कात्रजच्या सर्पोद्यानात साप बघायला गेला होता. दोन तास त्याला शोधत फिरलेले ते दारातच उभे होते. पोरगं घामाघूम होऊन जिना चढून आलं, आणि आपण काय काय पाहिलं ते सांगायला त्याने तोंड उघडलं. पुढचं त्यांना नीट आठवेना. ते उघडलेलं तोंड तेवढं आठवलं. आनंदने साप कसे होते ते पुढे कधीच सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नव्हतं.

आनंद आता येरवड्याच्या पुढे राहत होता, बायकोबरोबर. दिवाळीला यायचा, चहा घ्यायचा, तासाभरात घड्याळ बघायचा.

त्या दिवसानंतर हिंमतराव रोज सकाळी हॉलमध्ये फरशीवर बसू लागले. पलंगाच्या खोलीकडे पाठ, पुढे पेपर. पट्टा वेणूबाईंनी कुठे ठेवला ते त्यांनी विचारलं नाही. नाडीची पँट घालून तेच खाली दूध आणायला जात. फोन आला तर बाल्कनीत जाऊन दार लावून बोलत. पायांना मुंग्या यायच्या, कंबर धरायची. आठवडाभर काहीच झालं नाही. दुसऱ्या आठवड्यात एकदा मागे नखांचा टकटक आवाज झाला आणि थांबला. त्यांनी मान वळवली नाही. पेपरातली तीच ओळ ते पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

महिन्याभराने कुत्रा त्यांच्यापासून हातभर अंतरावर झोपू लागला. पण भांडं पडलं, की तो पुन्हा पलंगाखाली, आणि पुढचे दोन दिवस हिंमतराव पुन्हा पहिल्या सकाळवर.

एका रविवारी सकाळी बेल वाजली. न कळवता आनंद आला होता; कुत्र्याचं त्याला आईने फोनवर सांगितलं होतं. त्याने बूट काढले आणि कुत्र्याकडे पाहिलं. कुत्रा उठून सोफ्यामागे गेला होता. हिंमतराव फरशीवर बसलेले पाहून आनंद क्षणभर दारातच थांबला.

“बाबा, पडलात का?”

“नाही रे. बसलोय.”

आनंद पुढे काही न विचारता स्वयंपाकघरात गेला. घर लहान; भिंतीपलीकडे हळू बोललेलंही ऐकू येत असे.

“आई, खरं सांग. मारतात का ते त्याला?”

“नाही.”

“नक्की?”

“मला काय विचारतोस? ते बसलेत बाहेर. त्यांना विचार.”

पेपर हिंमतरावांच्या मांडीवर होता. कोणी मुलाने आपल्याबद्दल असं विचारलेलं पूर्वी कानावर आलं असतं, तर ते उठून उभे राहिले असते. ते उठले नाहीत.

आनंद बाहेर आला. तो उभाच राहिला. बोलताना बापाकडे नाही, खिडकीकडे बघत होता.

“मी याला घेऊन जातो, बाबा. आमच्याकडे जागा आहे. त्याला तिकडे बरं राहील.”

आत्ता कुठे तो जवळ यायला लागलाय, असं हिंमतराव म्हणणार होते. त्यांनी ते गिळलं.

“ने,” ते म्हणाले. “पण एकदम गाडीत घालू नकोस. आधी दोन दिवस गाडी नुसती हुंगू दे. मोठ्याने हाक मारू नको. डोक्यावरून हात नको नेऊ, हनुवटीखालून ने, आणि तोही त्याने हुंगल्यावर. खाताना त्याच्याकडे बघायचं नाही. उजव्या बाजूने अचानक गेलेलं त्याला चालत नाही. आणि घाबरून घाण झाली तर पुसायची आणि गप्प बसायचं. त्याचा इलाज नसतो रे त्यात.”

ते बोलत होते तेवढ्यात कुत्रा सोफ्यामागून अर्धा बाहेर आला होता. पुढेही येईना, मागेही जाईना.

आनंद आता त्यांच्याकडे बघत होता. कितीतरी वर्षांत त्याने एवढा वेळ बापाच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं. काही बोलायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. वेणूबाई चहाचे कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थबकल्या होत्या.

“राहू दे,” तो शेवटी म्हणाला. “राहू दे त्याला इथेच. पण मी येऊन बघत जाईन.”

“बघ की.”

“दर रविवारी. न कळवता येईन.”

हिंमतरावांनी मांडीवरचा पेपर घडी घालून बाजूला ठेवला.

“न कळवताच ये,” ते म्हणाले.