काठावरचा उलटा वेढा

मी एक जुनी वेताची टोपली आहे. जुनी म्हणजे किती, ते विचारू नका. टोपलीलाही वय सांगायला आवडत नाही.

मित्रांनो, माझा जन्म डोंगरापलीकडच्या वस्तीत झाला. तिथले लोक त्या डोंगराचे मूळ रहिवासी. सगळी वस्ती जिला मावशी म्हणते, ती माझी आई. तिनं वेत भिजवला, सोलला, घासून गुळगुळीत केला आणि नऊ दिवस मला विणलं. शेवटी काठ आला, तेव्हा कडीजवळ तिनं एक वेढा मुद्दाम उलटा घातला. वस्तीची रीतच आहे ती. प्रत्येक विणणारीचा उलटा वेढा वेगळ्या जागी असतो. तो पाहिला की टोपली कोणाची ते कळतं. बिनअक्षरांची सहीच म्हणा ना!

शहरातल्या दुकानदारानं मला फळीवर ठेवलं आणि चिठ्ठी डकवली : ‘आदिवासी कला. कलाकार अज्ञात.’ अज्ञात कलाकार तेव्हा दारातच आपल्या चपला शोधत होती.

“मावशी, तेवढा तो वेढा सरळ करत जा,” दुकानदार म्हणाला. “गिऱ्हाइकाला वाटतं, माल सदोष आहे.”

“दोष नाही तो. ती मी आहे,” मावशी म्हणाली.

दुकानदार हसला. त्याला वाटलं, विनोद झाला.

पुढे मला दाताच्या डॉक्टरबाईंनी पसंत केलं. वाकडं शोधण्यात त्यांचा जन्म गेलेला. वेढा त्यांना लगेच दिसला.

“हा एकच दात उलटा कसा?”

“हातकाम आहे, चुकायचंच.”

“कोणाचं हातकाम?”

“त्यांच्यात सगळ्याच बायका करतात हो.”

“सगळ्यांनी मिळून ही एक टोपली केली?”

दुकानदारानं उत्तराऐवजी मला कागदात गुंडाळलं.

दवाखान्यात माझी चांगली वर्षं गेली. मी मासिकं सांभाळली, छत्र्या सांभाळल्या, एकदा कोणाची तरी कवळीही सांभाळली. आत जायला घाबरणारी मुलं माझ्या काठावरून बोट फिरवत बसायची आणि उलट्या वेढ्यापाशी हमखास थांबायची. कौतुक खूप झालं. पण मला कोणी विणलं, ते डॉक्टरबाईंनी विचारूनही कोणाला सांगता येईना. टोपलीला तोंड मोठं असतं, आवाज नसतो.

एके दिवशी सुजलेला गाल धरून मावशी आली. खुर्चीत बसली, तोंडात कापूस कोंबला गेला, आणि तिची नजर कोपऱ्यात माझ्यावर पडली. ती ऊं ऊं करत हात नाचवू लागली.

“फार दुखतंय का?”

मावशीनं नकारार्थी मान हलवली, उठली, आणि माझ्या वेढ्यावर बोट ठेवून तेच बोट आपल्या छातीला लावलं. डॉक्टरबाईंनी आधी कापूस काढला, मग स्टूल ओढून समोर बसल्या.

मावशीनं सगळं सांगितलं. दुकानदार आता तिच्याकडून माल घेत नव्हता. तश्शाच टोपल्या त्यानं कारखान्यातून आणवल्या होत्या. “माझी भाची माझ्याकडे विणायला शिकत होती. तिला म्हटलं, सोड बाई. बुधवारपासून तीही कारखान्यातच जाणार आहे. उरलेला वेत मी कुंपणाला लावला.”

दाढ उपटून झाल्यावर दोघी तडक दुकानात गेल्या. मी डॉक्टरबाईंच्या काखेत. फळीवर माझ्यासारख्याच दहा-बारा जणी ऐटीत बसल्या होत्या. चिठ्ठी तीच. कारखान्याला उलटा वेढा नक्षी वाटला होता. त्यांनी तो प्रत्येकीच्या काठावर चार ठिकाणी घातला होता.

मावशीनं बोटानं मोजले. “चार सह्या! लग्नाच्या कागदावरसुद्धा मी एकच केली होती.”

“लोक कुठं एवढं बघतात, मावशी?” दुकानदार पुटपुटला.

“मी बघते,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला अर्धा तास बसावंच लागतं. त्यांनाही दाखवीन.”

दुकानदारालाही एक दाढ दुखत होती. चिठ्ठ्या त्याच संध्याकाळी बदलल्या. नकलांवर ‘कारखान्यातली नक्कल’ आलं. दवाखान्यात माझ्या शेजारी डॉक्टरबाईंनी मावशीचं पूर्ण नाव, वस्तीचा रस्ता आणि वेढ्याचा अर्थ स्वतःच्या अक्षरात लिहून एक कागद लावला; लावण्याआधी मावशीला विचारून. मावशीनं तो कागद दोनदा वाचला. “एवढं लांब नाव आहे होय माझं!”

लोक थेट वस्तीत जाऊ लागले. बुधवार आला आणि गेला. भाची कारखान्यात गेली नाही. कुंपणाचा वेत मात्र मावशीला सोडवावा लागला, त्यात एक बकरी नाराज झाली.

आता मी म्हातारी झाले. परवा माझं बूड सुटलं. “नवीन घ्या,” सगळे म्हणाले. डॉक्टरबाईंनी मला वस्तीत नेलं. मावशीची नजर आता मंद झाली आहे, म्हणून बूड भाचीनं विणलं. काठाला तिनं हात लावला नाही. बुडाशी मात्र एक वेढा उलटा घातला, स्वतःच्या जागी. मावशीनं तो चाचपून पाहिला आणि म्हणाली, “ही सही माझी नाही. ही तुझी.”

तर मित्रांनो, हातानं केलेली वस्तू घ्याल तेव्हा ‘कोणी केली?’ एवढं विचारा. ‘ते लोक’ असं उत्तर आलं, तर तिथंच उभे राहा. नाव येईपर्यंत हलू नका. वाट पाहताना कंटाळा आला, तर एखाद्या टोपलीच्या काठावरून बोट फिरवा. कुठं अडखळलं, तर समजा, कोणीतरी तुम्हाला आपलं नाव सांगतंय.