सरकारी खोक्यातली एफी

मी पुठ्ठ्याचा एक खोका बोलतोय. नाक मुरडू नका. स्कॉटलंडमध्ये जन्मणाऱ्या प्रत्येक बाळासाठी एडिंबरोचं आमचं सरकार असा एक खोका फुकट पाठवतं. मीही असाच गादी, झबली, पुस्तकं पोटात घेऊन बंदराजवळच्या एका इमारतीत, चौथ्या मजल्यावर पोचलो.

लोर्ना एकोणीस वर्षांची. तिची लेक एफी माझ्यातच झोपायची. बाळ कुशीवर वळेपर्यंत मी पुरतो. त्यासाठीच मला बनवलंय.

लोर्नाच्या आईच्या, मोरागच्या, डोळ्यांत मी पहिल्या दिवसापासून खुपलो. "तुला कपाटाच्या खणात झोपवलं होतं. मेलीस का?" असं लेकीला ऐकवायची आणि वर पुन्हा जिन्यात शेजाऱ्यांना सांगत सुटायची, की ही पोटच्या पोरीला खोक्यात ठेवते. जीभ आवरायचे धडे फक्त तरुणांना; म्हातारी माणसं सुटलेलीच.

एका संध्याकाळी एफीच्या बापाला मारामारीवरून पोलिसांनी नेलं. मोरागनं त्यांच्यापुढेही तेच रडगाणं गायलं. झालं. पोलिसांनी कळवलं म्हणून समाजकल्याण खात्याच्या ऑड्रीबाई आल्या, दारातच मोरागचं ऐकून परतल्या. मग लोर्नाला सुनावणीचं बोलावणं आलं. एफीला आईजवळ ठेवायचं की परक्या घरी द्यायचं, ते ठरणार होतं.

सुनावणीला ना कठडा, ना काळा झगा. टेबलाभोवती निकाल देणारी गावातलीच तीन बिनपगारी माणसं. बसमध्ये एफीला झोप लागली म्हणून लोर्नानं मला तसंच उचलून आणलेलं, टेबलाआड मांडीवर घेऊन बसली. ऑड्रीबाई सांगत होत्या, बाळाला पुठ्ठ्याच्या खोक्यात झोपवतात. तिघांनी माना हलवल्या. त्यांच्या डोळ्यांपुढे केळ्यांचा खोका असणार.

लोर्नानं मला अलगद टेबलावर ठेवलं.

"हाच तो. तुम्हीच पाठवलात. मग मी कुठं चुकले?"

तिघांतल्या मधल्या उनाबाई वाकून बघू लागल्या. त्यांच्या नातीसाठीही असलाच खोका आलेला. त्यांनी ऑड्रीबाईंना विचारलं, "तुम्ही आत जाऊन पाहिलंत का?"

"आजीच म्हणाली होती," ऑड्रीबाई पुटपुटल्या, आणि बिनसाखरेचा चहा ढवळत राहिल्या. सोबत आलेली मोराग छताकडे बघत होती.

तिघांनी मूल आईकडेच ठेवायचं ठरवलं, आणि एफी आईबरोबर घरी आली. लोर्नानं पाळणा घ्यायला खात्याकडे मदत मागितली, तर यंदाचे पैसे संपलेत म्हणाले. माझ्यापायी आईपासून मूल तोडायला निघाले होते, त्या सुनावणीला बरे पैसे होते!

परवा एफी कुशीवर वळली. मोरागनं कुठून तरी जुना पाळणा चार मजले चढवून आणला आणि धाडकन आपटला. माफी मागितली नाही. पण चादर तिनंच घातली.

माझं काम संपलं. आता जिन्याखाली रद्दीच्या गाडीची वाट बघतोय. तक्रार नाही. मोठ्यांनो, एवढंच सांगतो: एका हातानं खोका देता, तर दुसऱ्या हातानं त्यातलं मूल ओढू नका. आणि कुणाच्या घराबद्दल बोलायचं असेल, तर आधी उंबरा ओलांडून आत या.