मिठाच्या बर्फातली बाटली

माझ्या आतल्या बाजूला एक छोटा कप्पा आहे. तो साडेतीन इंच खोल आणि दोन इंच रुंद आहे. त्याची एक बाजू माझ्या भिंतीला शिवलेली आहे, दुसरी बर्फाला टेकते. बर्फ आणि कप्पा यांच्यामध्ये कापडाचा एकच पदर आहे.

मित्रांनो, मी एक जुनी बर्फाची पिशवी आहे. १९९६ सालच्या मार्चमध्ये मला नगरला शिवले. देवळाली प्रवऱ्याचे इसहाक गुरुजी तेव्हा नुकतेच शाळेतून निवृत्त झाले होते. दर रविवारी उपासना आटोपली की पत्नी दीनाबाईंना गाडीवर मागे बसवून ते मुळा धरणावर गळ टाकायला जात आणि अंधार पडल्यावरच परतत. दीनाबाईंना मधुमेह होता. संध्याकाळचे इन्सुलिन त्यांना धरणावरच घ्यावे लागे. त्यामुळे उन्हात मासे गार ठेवायचे होते, आणि ती काचेची बाटलीही.

त्यासाठी गुरुजींनी बरीच पाहणी केली. पत्र्याची पेटी गाडीवर खडखडे आणि गुडघ्याला लागे. थर्माकोलचा डबा दुसऱ्याच रविवारी कोपऱ्यात फुटला. प्लॅस्टिकची पेटी चांगली होती, पण ती ठेवली की दीनाबाईंना बसायला जागा उरेना. त्या म्हणाल्या, मऊ काहीतरी हवे, अंगाला लागून बसणारे. शेवटी गाड्यांच्या सीटची कव्हरे शिवणाऱ्या राधाकृष्ण कारागिराने मला तयार केले. बाहेर निळे रेक्झिन, मध्ये बोटभर फोम, आत चंदेरी कापड आणि वर चेन. मासे आणि औषध यांना दोन पिशव्या कराव्यात, असे दीनाबाईंचे मत होते. गुरुजी हसून म्हणाले की थंडावा तोच, मग पिशव्या दोन कशाला? राधाकृष्णने आत तो कप्पा शिवून दिला.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. धरणावर जाळी टाकणारा भिमाजी मला दोन्ही बाजूंनी दाबून पाहायचा.

"पिशवी लई झाक हाय, गुरुजी," तो एकदा म्हणाला. "आता तेवढं माशालाबी कळवा."

सगळे हसले. त्या दिवशी खरोखरच गळाला काही लागले नव्हते. पण पुढच्या रविवारी दोन मोठे रोहू मिळाले, आणि भिमाजीने आपली युक्ती सांगितली. बर्फावर दोन मुठी खडेमीठ टाकायचे, म्हणजे मासा दगडासारखा कडक राहतो. गुरुजींना ती पटली. तेव्हापासून मिठाची पुडी दर रविवारी माझ्यासोबत येऊ लागली.

मित्रांनो, मीठ घातलेला बर्फ नुसत्या बर्फापेक्षा कितीतरी जास्त गार होतो. आइस्क्रीमच्या लाकडी पॉटमध्ये दूध गोठते ते त्याच्यामुळेच. मासे उत्तम राहिले. पण कापडाच्या त्या एका पदराआड बाटलीतले इन्सुलिनही गोठले आणि संध्याकाळपर्यंत वितळले. एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा कामाचे राहत नाही. बाटली मात्र वरून तशीच दिसते.

अगदी तशीच नाही. पूर्वी दीनाबाई बाटली तळव्यांमध्ये फिरवत, तेव्हा आतले औषध दुधासारखे एकसारखे होई. आता काचेला बारीक कण चिकटून राहत. त्यांनी ते गुरुजींना दाखवले. गुरुजी म्हणाले, नीट हलव. त्यांनी नीट हलवले. मला सगळे कळत होते, पण पिशवीला वाचा कुठली?

दर नवी बाटली पहिल्याच रविवारी बिघडायची आणि पुढे महिनाभर टोचली जायची. साखर चढत गेली. दीनाबाईंनी भात सोडला, मग चहातला गूळ सोडला. मे महिन्यात चपलेचा पट्टा लागून उजव्या पायाच्या अंगठ्याला फोड आला. जूनमध्ये तो चिघळला. जुलैत अंगठ्याचे टोक काळे पडले. डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच सांगितले की अंगठा काढावा लागेल, नाहीतर पाय जाईल. दीनाबाई म्हणाल्या, साखर उतरू दे, मग बघू. ऑगस्टमध्येही त्या तेच म्हणाल्या. इंजेक्शने वेळेवर चालू होती, त्यामुळे साखर उतरणारच, असे दोघांनाही वाटत होते.

एका रविवारी त्या पाय दगडावर ठेवून बसल्या होत्या. मुंग्यांची एक रांग अंगठ्यावर चढली. त्या पाण्याकडे पाहत राहिल्या. त्यांना काही जाणवलेच नाही. गुरुजींनी गळ खाली ठेवला आणि रुमालाने मुंग्या झटकल्या. मग गुरुजींनी माझी चेन उघडली आणि सवयीने बर्फावर मीठ टाकले.

सप्टेंबरच्या एका सोमवारी त्या नगरच्या दवाखान्यात दाखल झाल्या. मीही सोबत होते, कालच्या बर्फाचे पाणी पोटात घेऊन. तिथे गुरुजींची भाची सिल्व्हिया नर्स होती. दुपारचे जेवण यायच्या आधी तिने माझ्या कप्प्यातून बाटली काढली, उजेडात धरली आणि बराच वेळ पाहिली. मग माझ्या तळातल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावले.

"मामा, बर्फात मीठ घालता?"

"मासा टिकतो त्यानं."

"मासा मेलेला असतो, मामा. औषध जिवंत माणसासाठी असतं."

तिने सगळे समजावून सांगितले. आवाज चढवला नाही. मार्च ते सप्टेंबर, असे महिने तिने बोटांवर मोजले. गुरुजी खाटेच्या कडेला बसले. त्यांचा हात माझ्या पट्ट्यावर होता.

मित्रांनो, जी वस्तू तुम्ही निवडता तिच्यात काय ठेवता, हेही निवडा. जपणे म्हणजे अधिकाधिक गार करणे नव्हे. प्रत्येक वस्तूला सोसेल तेवढाच थंडावा असतो. त्यापलीकडे तिचा नाश असतो आणि त्याचा आवाज होत नाही. बाटलीत काही वेगळे दिसले, तर जाणत्याला विचारा.

थोड्या वेळाने डॉक्टरीणबाई आल्या. पट्टी सोडली. काळेपणा शेजारच्या बोटाच्या मुळाशी पोचला होता. गुरुजी घाईघाईने बोलू लागले. आता दोष सापडला आहे, नवी बाटली आणतो, ती माठाजवळ गार जागी ठेवतो, या पिशवीत पुन्हा कधी ठेवत नाही. साखर आता नक्की उतरेल. फक्त महिनाभर थांबू या. सिल्व्हिया मामीकडे पाहत राहिली.

दीनाबाईंनी गुरुजींचा हात माझ्या पट्ट्यावरून सोडवून आपल्या हातात घेतला. त्या त्यांच्याकडे पाहून बोलल्या नाहीत, पायाकडे पाहून बोलल्या.

"अहो, आता थांबायचं नाही. डॉक्टर, अंगठा काढा."