मधला श्वास

"थांबवा," मालिनीबाई म्हणाल्या. "ती ओळ परत लावा."

भगवानने टेपरेकॉर्डरचं बटण दाबून कॅसेट मागे घेतली. मॉरिशसमधल्या, उसाच्या मळ्यांत वसलेल्या एका खेड्यातल्या शाळेची तीसेक मुलं अंबरनाथच्या त्या बैठकीच्या खोलीत पुन्हा गाऊ लागली.

'डोंगरामागून आली पहाट, पाण्या... वर सांडले सोने.'

'पाण्या' म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम श्वास घेतला. छोटासा, घाईने आत ओढलेला. मग 'वर'.

बाईंचा हात पेटीच्या भात्यावर होता, तो तिथेच राहिला. तो श्वास त्यांच्या ओळखीचा होता.

भगवान भारतात पहिल्यांदाच आला होता. त्याचे पणजोबा कोकणातून बोटीने मजुरीला गेले, ते तिकडेच राहिले. तो गावच्या शाळेत मराठी शिकवायचा. गाणं शिकवायला तिथे कुणी नव्हतं, पेटीसुद्धा नव्हती. त्र्याऐंशी साली दादरच्या एका संस्थेतून त्याला मालिनीबाईंचा पत्ता मिळाला. बाई घरी गाण्याच्या शिकवण्या घ्यायच्या. त्यांनी आपली एक जुनी पेटी नीट करून बोटीने पाठवली, आणि मागोमाग धडे. उल्हासनगरहून, कॅम्प चारमधून कोऱ्या कॅसेटी आणायच्या, रविवारी पंखा बंद करून खिडक्या लावायच्या आणि रेकॉर्डिंग करायचं. पेटी धरायची, समजावून सांगायचं ते बाईंनी. गाऊन दाखवायची ती मीनल, त्यांची मुलगी. मोठ्या माणसापेक्षा मुलांना मुलाचा आवाज लवकर धरता येतो, असं बाईंचं म्हणणं. लहानपणीच्या तापात मीनलच्या हृदयाची झडप बिघडली होती. लांब ओळ तिला एका दमात पेलायची नाही. बाकीच्या मुलींना अशा चुकीसाठी तीच ओळ घोटायला लावणाऱ्या बाई मीनलला मात्र काही बोलायच्या नाहीत.

दहावीत असताना ती गेली, त्याला आता दोन वर्षं झाली होती. बाईंनी शिकवण्या बंद केल्या. मीनलचे वडील श्यामकांत कारखान्यात अधिकारी होते. त्यांनी भिंतीवरचे तिचे फोटो उतरवले आणि घरात तिचं नाव निघेनासं झालं. आवाज तर घरात उरलाच नव्हता. केलेल्या सगळ्या कॅसेटी समुद्रापार गेल्या होत्या. तिकडून येणाऱ्या पत्रांना बाईंनी उत्तर दिलं नाही. लिहायला बसलं की ते एक वाक्य लिहावं लागलं असतं.

"बाई, एक विचारायचं आहे," भगवान म्हणाला. त्याची मराठी पुस्तकी, मधूनच हिंदीकडे झुकणारी. "पुढच्या महिन्यात आमच्याकडे सर्व शाळांची स्पर्धा आहे. मागच्या साली परीक्षक बोलले की हा श्वास चूक आहे, शब्द तुटतो. तर मुलं भांडायला उठली. बोलली, आमची मीनलताई असंच गाते. म्हणून ठरवलं, मुंबईला चाललोच आहे तर मीनलताईंनाच विचारून येतो. त्या कॉलेजला गेल्या आहेत काय?"

चहा घेऊन आलेले श्यामकांत दारातच थबकले.

"मीनल नाहीये, भगवान," बाई म्हणाल्या. "गेली ती. दोन वर्षं झाली. तिला दम पुरायचा नाही, म्हणून ती तिथे श्वास घ्यायची."

"पण आम्ही तर..." भगवान म्हणाला, "आम्ही तर रोज तिच्यासारखं गातो, बाई."

"तिची कॅसेट आणलीत का?" श्यामकांतनी विचारलं. "मूळची? तिच्या आवाजातली?"

"नाही, काका. लावून लावून आवाज गेला तिचा. मग एके दिवशी मशीनमध्ये अडकून तुटली. आता मोठी मुलंच लहान मुलांना शिकवतात."

श्यामकांतनी ट्रे खाली ठेवला आणि ते खुर्चीत बसले. चहाला कुणी हात लावला नाही.

"मग आम्ही बदलणार नाही," भगवान म्हणाला. "परीक्षकांना काय बोलायचं ते बोलू दे. नंबर नको आम्हाला."

"नंबराचं सोडा. तुमची मुलं धडधाकट आहेत ना?"

"हो, बाई."

"मग त्यांनी कशाला धाप लागल्यासारखं गायचं?"

"अगं, राहू दे ना," श्यामकांत म्हणाले. "तेवढंच तर उरलंय."

बाई त्यांच्याकडे वळल्या. "तिला आवडायचं नाही हो ते. प्रत्येक वेळी म्हणायची, आई, हे पुस, परत घेऊ या, आता जमेल मला. मीच म्हणायचे, चालेल गं."

त्यांनी पदर खोचला आणि उठून स्वतः खिडक्या लावल्या. भगवानने कोरी कॅसेट घातली. बाईंनी सूर धरला. दोन वर्षांत गळा बसला होता, पण सूर हलला नाही. 'डोंगरामागून आली पहाट, पाण्या...' आणि तिथे त्यांचाच श्वास तुटला.

"पुसा," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या खेपेलाही तसंच झालं. तिसऱ्या खेपेला त्यांनी डोळे मिटले आणि ओळ सोन्यापर्यंत अखंड नेली. भगवान बटण बंद करायचं विसरला. त्यामुळे खोलीतली शांतताही थोडीशी टेपवर गेली.

संध्याकाळी श्यामकांत त्याला टांग्यापर्यंत पोचवायला गेले. भगवान वर चढून बसला, तेव्हा टांग्याचा दांडा धरून त्यांनी विचारलं, "मुलांना सांगणार आहात का?"

"तोच विचार करतो आहे, काका. काय सांगू?"

"सांगा की बारावीला आहे. अभ्यास फार असतो, म्हणून या वेळेला आईने गायलंय."

भगवानने मान हलवली. टांगेवाल्याने लगाम सैल सोडला.

"सायन्सला आहे म्हणावं," श्यामकांत चालत्या टांग्याबरोबर थोडं पुढे जात म्हणाले. "सायन्सला."