पाठ लागल्याशिवाय निकाली नाही

मी एक जुनी हलगी आहे आणि स्वभावाने संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. हातकणंगले तालुक्यातल्या एका गावात, ज्ञानूच्या घराच्या पुढच्या सोप्यात खुंटीला मी टांगलेली असते. त्याच्या आजोबांनी कड्यावर कातडं ताणून मला घडवलं. जाळावर शेकल्याशिवाय मी नीट बोलत नाही.

मित्रांनो, मला कामं दोनच. कुस्तीच्या मैदानात वाजायचं आणि ग्रामसभेची दवंडी द्यायची. निकाली कुस्तीत एकाची पाठ मातीला लागते, सगळं गाव ते डोळ्यांनी बघतं आणि मगच मी कडाडते. तेव्हा माझं केवढं कौतुक व्हायचं! दवंडीत मात्र मीही धुतल्या तांदळासारखी नव्हते. एका सरपंचाने ती फक्त आपल्याच गल्लीत द्यायला लावली आणि मी मुकाट दिली होती.

मग ग्रामपंचायतीने अॅप आणलं. तक्रार मोबाइलवर, सभेची सूचनाही मोबाइलवर. मी धूळ खात पडले. राग आला, खोटं कशाला बोलू?

समोरच्या धोंडुबाईंच्या नळाला गटारीचं पाणी यायचं. नात दोनदा दवाखान्यात राहून आली. सून प्रियदर्शनीने फोटो काढून तक्रार टाकली. संध्याकाळी उत्तर आलं, ‘तक्रार निकाली.’ पाणी होतं तसंच.

सोप्यात बसलेले म्हातारे पैलवान आकाराम उसळले, “निकाली? आरं, पाठ कुणाची लागली? बघितली कुणी?”

प्रियदर्शनीने त्याच अॅपवर शोधलं. गल्लीच्या अकरा तक्रारी, अकराही एकाच दिवशी निकाली! हे सगळ्यांना दिसत होतं, पण उघडून बघतंय कोण?

“ज्ञानूकाका, उद्याच्या सभेची सूचना ग्रुपवर आलीया, पर वाढदिवसाच्या शुभेच्छांत कुणी वाचली न्हाय. हलगी काढा की,” ती ज्ञानूला म्हणाली.

ज्ञानूने मला शेकलं आणि सगळ्या गल्ल्यांतून फिरवलं. सभेला पटांगण भरलं. प्रियदर्शनीने मोबाइलवरून अकरा तक्रारी वाचल्या आणि त्या निकाली काढणाऱ्या ग्रामसेवकांची मान खाली गेली. ठराव झाला, तक्रार मिटली की नाही, ते बटण तक्रारदारानेच दाबायचं.

पंधरा दिवसांनी ग्रामसेवक आले. “आजी, पाइप बदलला. ‘मिटली’वर बोट ठेवा.”

धोंडुबाईंनी नळाखाली तांब्या भरला. “भाऊसाब, आदी तुमी प्या.”

ग्रामसेवकांनी तांब्यात डोकावलं. “मला तहान नाही.”

“मग मिटली न्हाय,” म्हणत धोंडुबाईंनी दुसरं बटण दाबलं.

परत खोदाई झाली. चार दिवसांनी ते पुन्हा आले आणि त्यांनी तांब्या तोंडाला लावला. मी त्यांच्या गळ्याकडे टक लावून होते. पाणी खरंच खाली उतरलं. धोंडुबाईंनी ‘मिटली’ दाबलं, आकाराम “निकाली!” म्हणून ओरडले आणि ज्ञानूने मला खुंटीवरून काढलं.

मित्रांनो, मोबाइलवर माझा अजून विश्वास नाही. तुम्ही माझ्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. बटण दाबण्याआधी तांब्यात बघा. आणि मला अधूनमधून शेकत जा, कारण गार पडलेली हलगी शेजारच्या दारातही ऐकू जात नाही.