जुनं पहिलं कलम

बाळांनो, डोळे मिटा आणि एक वर्ग समोर आणा. मधोमध कोळशाची शेगडी, तिच्यावर तापायला ठेवलेल्या जेवणाच्या डब्यांची चळत, खिडकीबाहेर बर्फ. दक्षिण कोरियातलं डोंगरातलं गाव, साल एकोणीसशे त्र्याहत्तर. सहावीचा नागरिकशास्त्राचा पेपर मध्येच थांबवला आहे आणि शाळेचे कारकून प्यो गिलसू फळ्यापाशी मान खाली घालून उभे आहेत.

वीस वर्षं प्यो लोखंडी लेखणीने छपाईच्या मेणकागदावर प्रश्नपत्रिका कोरत आले होते. दर हिवाळ्यात संविधानाचं पहिलं कलम त्यांच्या हाताखालून जाई: सार्वभौमत्व जनतेचं आहे आणि सगळी सत्ता जनतेपासूनच निघते. दोन महिन्यांपूर्वी राष्ट्राध्यक्षांच्या हाती सगळी सत्ता देणारं नवं संविधान लागू झालं. वाक्याचा शेवटचा तुकडा त्यातून गेला होता. मास्तरांनी नवं कलम लिहून दिलं, तरी प्योंच्या हाताने सवयीने जुनंच कोरलं. आणि जिल्ह्याचे साहेब नेमके त्याच दिवशी तपासणीला आले.

चूक ठरली तर प्योंची फक्त नोकरी जाणार होती. मुद्दाम लिहिलं असं ठरलं तर तुरुंग.

मुख्याध्यापक बान पुढे झाले. "साहेब, मेंढरू आहे हो हा माणूस. समोर येईल ते खरडतो. याला कसला आलाय विचार?"

मुलं हसली. प्योही हसले आणि त्यांनी जोरजोरात मान डोलावली.

दुसऱ्या बाकावरची मुलगी तेवढी हसली नाही. ती मिरान, प्योंची लेक. साहेबांच्या ते नजरेत आलं. त्यांनी तिला उभं केलं आणि मायेने विचारलं, हे वाक्य घरी कधी ऐकलंय का.

मिरानचे कान लाल झाले होते. "माझे बाबा मेंढरू नाहीत," ती म्हणाली. "त्यांना सगळं संविधान पाठ आहे. मलाही त्यांनीच शिकवलंय. अर्थासकट."

"असं? मग सांग बघू अर्थ."

"सरकार चुकलं तर आपण त्याला विचारू शकतो. कारण ते आपलंच आहे."

"शाब्बास," साहेब म्हणाले. खिशातून वही काढून त्यांनी तिला तेच पुन्हा, सावकाश सांगायला लावलं. तिने खणखणीत आवाजात सांगितलं.

"मिरान, बस खाली," प्यो एवढंच म्हणाले.

त्यांना दारातून नेताना कोणी दंडाला धरलंसुद्धा नाही. बोटांची शाई कोटाला लागू नये म्हणून हात अंगापासून दूर धरून ते चालत गेले.

मग बानसरांनी नव्या कलमाच्या पट्ट्या लिहून वाटल्या. जुन्या ओळीवर चिकटवा आणि पेपर पुरा करा, म्हणाले. डिंक पुढच्या दोन बाकांनाही पुरला नाही.

मिरानने शेगडीवरून आपला डबा आणला. सकाळी बाबांनी भरलेला. त्यात जव जास्त, भात नावाला. आणि जव काही चिकटत नाही. तिने भाताची शितं एकेक करून वेचली, अंगठ्याने चिरडली आणि पट्टी चिकटवली. चारही कोपरे दाबून पाहिले. उरलेली शितं तिने शेजारणीला दिली, आणि पुढचा प्रश्न वाचायला घेतला.