लोसालिनेचे हिमोग्लोबिन
अकरा आठवडे लोहाच्या गोळ्या नेमाने घेऊनही लोसालिनेचे हिमोग्लोबिन साडेदहावरून पावणेआठवर आले.

बेटावरचे एकमेव डॉक्टर सेमिसी यांनी तिसरा अहवाल टेबलावर आपटला. गोळ्या खोट्या नव्हत्या. त्याच डब्यातल्या गोळ्यांनी इतर चौघी सुधारल्या होत्या. जंत नव्हते. शौचावाटे रक्त जात नव्हते. लोसालिने मात्र चटई विणता विणता आडवी होई, आणि चर्चच्या सहा पायऱ्यांवर तिला दोनदा थांबावे लागे. आणखी महिनाभर हेच चालले तर तिचे हृदय थकणार, हे त्यांना नेमके ठाऊक होते. कारण ठाऊक नव्हते, आणि त्याचाच त्यांना संताप येत होता.

लोसालिने त्यांची चुलत बहीण. टोंगा या बेटांच्या देशात ती सख्खी बहीणच. भावाने बहिणीसोबत एका खोलीत बसायचे नाही, तिच्या शरीराचा विषय त्याच्यापुढे काढायचा नाही. त्यामुळे सारी विचारपूस निरोपांवर चालली होती, आणि निरोप नेत होती त्यांची बायको इलाइसाने.

"आणखी काय होतं, विचारलंस?"

"थकवा येतो म्हणाल्या."

"आणि?"

"आणि काय? अहो, त्या माझ्या मुलांच्या आत्या. त्यांच्यापुढे मी मान वर करत नाही, आणि खोदून खोदून विचारू? तुम्हीच विचारा की, एवढे डॉक्टर आहात!"

गावातल्या वैदूंना वीस वर्षे पुरावे मागणाऱ्या सेमिसींनी हा एक नियम कधी तपासून पाहिला नव्हता. त्यांनी नर्स फिफिताला बोलावले. ती दुसऱ्या बेटावरची, नात्यातली नव्हे. आजवर तिच्याकडे फक्त रक्ताच्या नळ्या भरण्याचे काम होते.

"या बाईंची सगळी माहिती नव्याने घे."

फिफिताने कागद चाळले. "वय सेहेचाळीस, आणि पाळीचा रकाना कोरा?"

सेमिसींनी कागद ओढून घेऊन तो रकाना पाहिला.

"जंतांची तपासणी दोनदा, अन् हा कोरा! डॉक्टर, कोंबडी आजारी पडली तरी लोक आधी अंड्यांचं विचारतात. मी असं केलं असतं तर पहिल्या बोटीने घरी धाडलं असतंत मला."

"धाडलं असतं," ते म्हणाले.

तासाभराने ती परतली. "चौदा आठवडे रक्त जातंय. चार दिवस थांबतं, पुन्हा सुरू. जोर असला की तासातासाला कापड बदलावं लागतं."

"मग बोलली का नाही?"

"विणणाऱ्या बायका म्हणाल्या, या वयात होतंच. आणि बोलणार कुणाशी? डॉक्टर म्हणजे तुम्ही."

"आठ दिवसांपुढे गेलं, किंवा दोन पाळ्यांच्या मध्येच आलं, की दवाखान्यात यायचं. तासाला कापड भिजतंय, चक्कर येतेय, तर त्याच दिवशी. एवढं साधं—"

"सांगितलंय. चटईवरच्या सगळ्यांना. तुम्ही विमानाचं बघा."

दुसऱ्या दिवशी लोसालिने राजधानीच्या रुग्णालयात पोहोचली. तिला दोन बाटल्या रक्त चढवले. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या पोकळीत तीन सेंटिमीटरची गाठ दिसली. ती काढून तपासली, कर्करोग नव्हता. त्या गाठीमुळे तिचा रक्तस्राव थांबत नव्हता, आणि गोळ्यांतून जेवढे लोह मिळे त्याहून अधिक रक्तावाटे निघून जाई. निदानाला अकरा आठवडे लागले, कारण पाळीचा प्रश्न भावाने विचारला नाही आणि भावजयीला विचारता आला नाही.